डाव्या बाजूला दोन किडन्या: एका इंटससेप्शनचं प्रकरण

रात्री पावणेअकराला आलेल्या सोनोग्राफीच्या फॉर्मवर एवढंच लिहिलेलं होतं: ‘उलट्या, मलूल. गॅस्ट्रो? सेप्सिस? पोट पाहावे.’ इंटससेप्शनचं, म्हणजे आतडं आतड्यात शिरण्याचं, नाव कुठेच नव्हतं, आणि त्यात फॉर्म लिहिणाऱ्याची चूक म्हणता येणार नाही. बाळ कळवळून रडत नव्हतं, पाय पोटाशी घेत नव्हतं, शीतून रक्तही गेलेलं नव्हतं.

मुलगा आठ महिन्यांचा, वजन ८ किलो. दहा दिवसांपूर्वी सर्दी-ताप येऊन गेला होता. आदल्या संध्याकाळपासून उलट्या. आधी दुधाच्या, दुपारनंतर हिरवट. एक पातळ शी झाली, मग काहीच नाही. सकाळी दाखवलं तेव्हा पोट बिघडलंय म्हणून औषध मिळालं होतं. त्याच सकाळी तो अधूनमधून किंचाळून रडायचा आणि थोड्या वेळाने आपोआप शांत व्हायचा, असं आईने सांगितलं. पण ते मी विचारल्यावर, आणि मी विचारलं ते सगळं उरकल्यावर. फॉर्म वाचून थेट प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं सोनोग्राफीचं यंत्र, हातात घेण्याची सवय आम्हा रेडिओलॉजीवाल्यांना असते, ती त्या रात्री मलाही होती. आईची स्वतःची तक्रार वेगळीच होती. “दुपारपासून तो रडतच नाहीये, डॉक्टर. सलाईनची सुई टोचली तरी नुसता कुरकुरला.”

नाडी १६४, ताप नाही, रक्तातली साखर नॉर्मल, टाळू किंचित खोल गेलेली. पोट मऊ. उजव्या बाजूला खाली हात ठेवला की तिथे काहीच नसल्यासारखं लागतंय, असं रात्रपाळीच्या बालरोग निवासी डॉक्टरने नोंदवलं होतं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं. एक्स-रेमध्ये मधोमध हवेने थोड्या फुगलेल्या दोन-तीन वळ्या, उजवीकडे खाली हवा जवळजवळ नाही. एवढ्यावरून निदान होत नाही, आणि एक्स-रे चांगला दिसला म्हणून हा आजार नाही असंही म्हणता येत नाही. एक्स-रेचा खरा उपयोग आतडं फुटून पोटात मोकळी हवा आलीय का हे पाहण्यापुरता. ती नव्हती.

रडणं थांबतं तेव्हा

इंटससेप्शन म्हणजे आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरणं. अंगातला सदरा ओढून काढताना बाही आतल्या आत उलटून अडकते, साधारण तसंच. लहान मुलांत बहुतेक वेळा लहान आतड्याचं शेवटचं टोक, म्हणजे टर्मिनल इलियम, इलिओसीकल झडपेतून मोठ्या आतड्यात शिरतं. त्याला इलिओकॉलिक म्हणतात. तीन महिने ते तीन वर्षं हे वय, त्यातही पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात सर्वाधिक, आणि मुलींपेक्षा मुलगे जास्त. या वयातल्या दहापैकी नऊ मुलांत कारण म्हणून गाठ, पॉलिप असं काही सापडत नाही. सर्दीसारख्या विषाणूसंसर्गानंतर इलियमच्या भिंतीतल्या लसिका पेशींचे पुंजके सुजतात आणि आतड्याच्या हालचालीत तोच फुगवटा पुढे ढकलला जातो, असं मानतात. दहा दिवसांपूर्वीची ती सर्दी म्हणूनच बिनमहत्त्वाची नव्हती.

आतडं एकटं शिरत नाही. आपली मेसेंटरी, म्हणजे चरबी, रक्तवाहिन्या आणि लसिका ग्रंथी असा सगळा पदर ते बरोबर ओढून नेतं. कोंडलेल्या जागेत आधी शिरा दाबल्या जातात, भिंत सुजते, आतलं अस्तर पाझरू लागतं. रक्त आणि आव मिसळून लाल जेलीसारखी शी होते ती इथे, म्हणजे उशिरा. त्यापुढे धमन्या दबल्या की आतडं काळं पडतं. रक्त दिसण्याची वाट पाहणं म्हणजे शिरा दबून बराच वेळ जाईपर्यंत थांबणं. थांबून-थांबून येणारी कळ, उलटी आणि रक्ताची शी किंवा हाताला लागणारा गोळा ही प्रसिद्ध लक्षणं एकत्र दिसणारी मुलं निम्म्याहूनही कमी असतात.

आणि काही मुलं फक्त मलूल होतात. मेंदूज्वर किंवा विषबाधा समजून त्यांच्या पाठीतलं पाणी काढण्यापर्यंत गोष्ट जाते. आतडं पिळवटत असताना शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्यं सोडतं आणि त्यामुळे गुंगी येत असावी, असा एक तर्क मांडला जातो. तर्क खरा असो-नसो, लहान बाळ विनाकारण मलूल असेल तर पोटावर प्रोब ठेवायला पाच मिनिटं लागतात आणि त्यात रेडिएशन नाही.

पहिलं उत्तर

बाळाला टेबलावर घेतलं, आई डोक्याशी उभी. जेल कोमट केलेलं. लिनिअर प्रोब, १२ मेगाहर्ट्झपर्यंतचा, खोली ६ सेमी. या आजारात पोट खोलवर शोधायचं नसतं. शिरलेलं आतडं बहुधा पोटाच्या भिंतीला टेकूनच असतं. वक्र प्रोब घेऊन खोली १२ सेमीवर ठेवली तर तेच आतडं पडद्याच्या वरच्या कडेला चेपून दिसतं आणि नजरेतून निसटतं. प्रोब हळूहळू दाबत न्यायचा, म्हणजे मधली हवा बाजूला सरते; पण दाब असा हवा की बाळाच्या पोटाने उलट ढकलू नये.

शिस्त अशी सांगितली जाते: उजव्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा, सोआस स्नायू आणि इलियाक रक्तवाहिन्या दिसल्या की आपण योग्य जागी आहोत, तिथून मोठं आतडं धरून वर यकृतापर्यंत, मग आडवं पोटाच्या मधून प्लीहेपर्यंत, मग डावीकडून खाली ओटीपोटात. मी तशी सुरुवात केलीही. उजव्या कोपऱ्यात लहान आतड्याच्या वळ्या होत्या, हलणाऱ्या. सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी, दिसलं नाही. ‘हवा असेल’ असं मनातल्या मनात म्हणून मी पुढे सरकलो.

बेंबीच्या जरा डावीकडे आलो आणि पडद्यावर ते दिसलं. एकात एक वर्तुळं, टार्गेट साइन, प्रोब आडवा धरल्यावर दिसते ती. शेजारी उभी असलेली निवासी डॉक्टर म्हणाली, “सर, मिळालं!” मी चित्र गोठवलं, माप घेतलं: बाहेरून बाहेरपर्यंत १.४ सेमी. पुन्हा चालू केलं. भिंत पातळ, मधल्या भागात चरबी नावालाच, ग्रंथी एकही नाही, आणि आतड्याची लाट त्यातून आरपार जाताना दिसत होती. प्रोब तिथेच धरून ठेवला. मिनिटभरही झालं नसेल, वर्तुळं एकमेकांतून निसटली आणि तिथे साधी वळी उरली.

हा लहान आतड्यातच लहान आतडं शिरण्याचा प्रकार. गॅस्ट्रो झालेल्या मुलांत आतड्याची हालचाल वाढलेली असते, तेव्हा असं होतं आणि आपोआप सुटतं. बेंबीच्या आसपास किंवा डावीकडे, साधारण दीड सेमीच्या आत-बाहेर, क्षणिक. त्याला उपचार लागत नाहीत. दुसऱ्या कुठल्या कारणाने सोनोग्राफी करतानाही ते दिसून जातं आणि मुलाला पत्ताही नसतो. मात्र असं लहान आतड्यातलं शिरणं लांबलचक असेल, साडेतीन सेमीच्या पुढे, आणि सुटत नसेल, तर त्याकडे वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. तिथे मागे काही गाठ, पॉलिप किंवा मेकेल्स डायव्हर्टिक्युलम, म्हणजे लहान आतड्याला जन्मतःच असलेली पिशवी, असण्याची शक्यता वाढते आणि शस्त्रक्रियेचीही. आमचं तसलं काही नव्हतं.

तर उत्तर तयार होतं. गॅस्ट्रो, त्यात क्षणिक शिरणं, डोळ्यांदेखत सुटलं. फॉर्मवरचा गॅस्ट्रो आणि पडद्यावरचं चित्र एकमेकांना इतकं छान पूरक होतं की मी अहवालाचं पहिलं वाक्य मनात लिहूनही टाकलं होतं. जेल पुसायला कागदही घेतला होता.

अडलं ते एका साध्या गोष्टीवर. आतडं सुटून मिनिट झालं होतं आणि बाळ तसंच पडून होतं. एवढंसं, एवढा वेळ शिरलेलं आतडं एखाद्या बाळाला दुपारपासून रडता येऊ नये इतकं मलूल करत नाही. आणि सीकम मला दिसलेलंच नव्हतं.

दोन किडन्या

कागद खाली ठेवून पुन्हा उजव्या कोपऱ्यात गेलो, या वेळी हवेला दोष न देता. हवा असती तर तिची पांढरी रेघ आणि खाली घाणेरडी सावली दिसली असती. ती नव्हती. तिथे फक्त लहान आतडं होतं, जिथे सीकम असायला हवं तिथे. वर यकृताखाली गेलो. इलिओकॉलिक इंटससेप्शन सापडण्याची हीच सर्वांत नेहमीची जागा. पित्ताशय दिसलं, उजवी किडनी दिसली, मोठ्या आतड्याचं वळण सापडलं नाही. मधल्या भागात जठरातल्या हवेने पडदा धुरकट केला होता.

डावीकडे प्लीहेखाली प्रोब उभा धरला आणि किडनी दिसली: लांबट, कडेला काळपट, मधोमध पांढरी चरबी. ठीक. पुढे सरकणार तेवढ्यात तिच्या मागे, खोलवर, आणखी एक किडनी दिसली. तीही लांबट, कडेला काळपट, मध्ये पांढरी.

या आजारातल्या उभ्या छेदाच्या चित्राला पुस्तकं ‘स्यूडोकिडनी’ म्हणतात: सुजलेली भिंत किडनीच्या बाहेरच्या भागासारखी, आत ओढलेली चरबी तिच्या मध्यासारखी. वर्षानुवर्षं हा शब्द मी शिकवत आलो आहे. पण खऱ्या किडनीच्या समोरच खोटी किडनी येऊन बसली, तर घाईतला माणूस पहिली पाहून ‘डावी किडनी नॉर्मल’ असं लिहून मोकळा होईल, हे कोणी सांगितलेलं नव्हतं. फरक पाहिला की लगेच कळतो. खरी किडनी मागे, पाठीच्या स्नायूंवर, श्वासाबरोबर वर-खाली. खोटी अगदी पोटाच्या भिंतीखाली. आणि सगळ्यांत सोपी परीक्षा: प्रोब ९० अंश फिरवला. मागची किडनी गोल झाली, मध्ये तिच्या रक्तवाहिन्या. पुढचीची वर्तुळं झाली. एकात एक, मध्ये पांढऱ्या चरबीची चंद्रकोर.

मापं घेतली. बाहेरचा व्यास ३.४ सेमी. बाहेरची भिंत ६ मिमी, आतल्या चरबीचा गाभा १२ मिमी. चरबीत दोन लसिका ग्रंथी, मोठी ११ मिमी लांब. इथे मला वाटतं आपण सगळे व्यासाला जरा जास्तच भाव देतो. व्यास महत्त्वाचा आहेच: इलिओकॉलिक साधारण अडीच सेमी किंवा त्याहून मोठं, क्षणिक प्रकार त्याहून लहान. पण अडीचच्या आसपास दोन्हीकडची मुलं सापडतात. आत काय ओढलं गेलंय हे जास्त बोलकं असतं. चरबीचा गाभा बाहेरच्या भिंतीपेक्षा जाड असेल आणि त्यात ग्रंथी असतील, तर लहान आतड्याचं टोक आपल्या मेसेंटरीसकट मोठ्या आतड्यात गेलंय हे जवळजवळ ठरलं. बेंबीजवळच्या त्या दीड सेमीच्या वर्तुळात चरबी नावालाच होती आणि ग्रंथी नव्हती. इथे दोन्ही होत्या. एकाच बाळात, पाच मिनिटांच्या अंतराने, दोन्ही प्रकार.

सीकम का दिसत नव्हतं तेही आता उघड होतं. ते त्या गोळ्यात होतं. काही मुलांत सीकम आणि चढतं मोठं आतडं पाठीमागच्या भिंतीला घट्ट चिकटलेलं नसतं. मग शिरलेलं टोक पुढे-पुढे सरकताना त्यांनाही ओढत नेतं आणि डाव्या वळणापर्यंत, क्वचित त्याही पुढे गुदद्वारापर्यंत पोचतं. निवासी डॉक्टरने प्रश्नचिन्हासकट लिहिलेली ती ‘उजवीकडे काहीच नाही’ ही नोंद बरोबर होती. तिने हाताने जे ओळखलं होतं त्याला मी यंत्र घेऊन हवा म्हणालो होतो.

सोनोग्राफीची या आजारातली संवेदनक्षमता ९८ टक्क्यांच्या वर सांगितली जाते, आणि ती खरीच उत्तम आहे. पण तो आकडा पूर्ण पोट फिरलेल्या प्रोबचा आहे. मी पहिल्या फेरीनंतर थांबलो असतो तर त्याच यंत्रावर, त्याच बाळात, निकाल उलटा आला असता.

गोंधळात टाकणाऱ्या आणखी काही गोष्टी असतात, त्या ओळखून ठेवलेल्या बऱ्या. शीने भरलेलं मोठं आतडं आडव्या छेदात टार्गेटसारखं दिसू शकतं, पण त्यात थर नसतात, आणि दाबलं की आकार बदलतो. संसर्गाने सुजलेल्या आतड्याची भिंत जाड असते, पण एकच भिंत. आतून दुसरं आतडं जात नाही. सोआस स्नायू नवख्याला फसवतो, विशेषतः आडवा. दर वेळी दोन्ही दिशांनी पाहिलं की यातले बहुतेक गैरसमज तिथेच संपतात.

पाणी सोडायचं की नाही

निदान झालं म्हणून सोनोग्राफी संपत नाही. सर्जन यायच्या आत तीन गोष्टी पाहायच्या होत्या.

रक्तप्रवाह पाहिला. डॉप्लरचा, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणाऱ्या तंत्राचा, वेग खाली आणून, फिल्टर कमी करून पाहावं लागतं, नाहीतर बाळाच्या आतड्यातला मंद प्रवाह दिसतच नाही. एरवी रडणाऱ्या बाळात पडदाभर रंगाचा गोंधळ होतो. याच्या मलूलपणाचा तेवढाच उपयोग झाला. आत शिरलेल्या भिंतीत रक्त वाहत होतं. प्रवाह दिसला नसता तरी त्यावरून प्रयत्नच करायचा नाही असं ठरत नाही. काळजी वाढते, घाई वाढते.

दुसरं, अडकलेलं पाणी. आतलं आणि बाहेरचं आतडं यांच्यामध्ये सुमारे ४ मिमी जाडीची काळी चंद्रकोर होती. हे चिन्ह मला नको होतं. असं पाणी कोंडलेलं असेल तर आतडं सुटायला कठीण जातं आणि भिंतीचं नुकसान जास्त झालेलं असण्याचा संभव असतो. ओटीपोटात मोकळं पाणी होतं तेही पाहिलं, पण थोडं आणि स्वच्छ. इतकं बऱ्याच मुलांत असतं.

तिसरं, आत ढकलणारी गाठ. सिस्ट नाही, पॉलिप नाही, भिंतीत एकांगी जाडी नाही. मेकेल्स डायव्हर्टिक्युलम आत उलटून गेला असेल तर बारीक पिशवीसारखा दिसतो. तसं काही नव्हतं. तीन वर्षांपुढच्या मुलात हे शोधायला मी दुप्पट वेळ देतो, आणि मोठ्या माणसात तर गाठ आहे असं धरूनच चालतो. मोठ्यांमध्ये हा आजार विरळा, आणि तिथे सहसा सीटी स्कॅनच निदान करतो.

बाळाला आधी सलाईनचं २० मिली प्रति किलो, म्हणजे १६० मिली दिलं. हे आधीच व्हायला हवं. शॉकमध्ये असलेल्या, पोट कडक झालेल्या किंवा पोटात मोकळी हवा असलेल्या बाळाला एनिमा देऊन आतडं सोडवायला जाणं म्हणजे फुटलेल्या आतड्यात दाबाने पाणी घालणं. तिथे थेट शस्त्रक्रिया. आमच्या बाळाची नाडी १४०वर आली, पोट मऊच राहिलं. सर्जन खोलीत आले, शस्त्रक्रियागृहाला कळवून ठेवलं, आई-वडिलांना समजावून सही घेतली. आतडं फुटण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी असते, हेही सांगितलं. “फुटलं तर?” असं वडिलांनी विचारलं. “तर हे लगेच आत घेऊन जातील,” म्हणून मी सर्जनकडे बोट दाखवलं. सर्जन शेजारी नसतील तर मी हा प्रयत्न करत नाही.

ही कल्पना नवी नाही. १८७१मध्ये जोनाथन हचिन्सन यांनी दोन वर्षांच्या एका मुलीचं इंटससेप्शन शस्त्रक्रियेने यशस्वीपणे सोडवलं. पाचच वर्षांत, १८७६मध्ये, हेराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी पाण्याच्या दाबाने आतडं मागे ढकलण्याची पद्धत मांडली. पुढे १९४८मध्ये मार्क रॅविच यांनी बेरियमचा एनिमा रूढ केला आणि बराच काळ एक्स-रेखाली तेच चाललं. आज बऱ्याच ठिकाणी हवेचा दाब वापरतात, एक्स-रेखाली, १२० मिलिमीटर पाऱ्याच्या मर्यादेत. आम्ही पाणी वापरतो, सोनोग्राफीखाली. माझं मत पाण्याच्या बाजूने आहे, कारण हवा घातली की सोनोग्राफी आंधळी होते, पाणी घातलं की उलट जास्त दिसायला लागतं, आणि बाळाला रेडिएशन शून्य. हवावाले सहकारी म्हणतात, हवा झटपट काम करते आणि आतडं फुटलं तरी घाण कमी पसरते. तेही खोटं नाही. ज्या हाताला ज्याची सवय आहे त्याने ते करावं.

कोमट सलाईन, फोलीज कॅथेटर (टोकाला फुगा असलेली नळी), दोन्ही नितंब चिकटपट्टीने घट्ट आवळलेले. हे चिकटवणं ज्याला नीट जमतं तो माणूस खोलीत सर्वांत महत्त्वाचा. पाणी बाजूने गळलं की दाब राहत नाही आणि मग सगळे सोनोग्राफीवर चिडतात. पिशवी टेबलापासून १०० सेमी उंच. एवढ्या उंचीचा दाब साधारण ७४ मिलिमीटर पाऱ्याएवढा होतो.

उतरत्या आतड्यात काळं पाणी चढताना दिसलं आणि प्लीहेखाली त्या गोळ्याच्या डोक्याला जाऊन टेकलं. डोकं पाण्यात गोलसर, खालच्या बाजूने कोर धरून उभं. काही सेकंद काहीच झालं नाही. मग ते मागे सरकलं. प्लीहेखालून मधोमध, मधून यकृताखाली, मी प्रोब घेऊन मागोमाग. हे पाहणं मला अजून जुनं झालेलं नाही. यकृताखालून उजव्या कोपऱ्याकडे उतरलं आणि तिथे अडलं. तीन मिनिटं धरून ठेवलं. पिशवी खाली घेतली, पाणी काढलं, पुन्हा. दुसऱ्या वेळी पिशवी १२० सेमीवर, म्हणजे ८८ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास. पुन्हा झडपेपाशी तेच. गोळा मात्र लहान झाला होता, २.६ सेमी, आणि मधली पाण्याची चंद्रकोर गेली होती.

सर्जननी माझ्याकडे पाहिलं. पूर्वीचा नियम तीन प्रयत्न आणि मग शस्त्रक्रिया असा होता. पण गोळा मागे सरकलेला असेल, बाळ स्थिर असेल, तर मध्ये अर्धा तास ते काही तास थांबून पुन्हा प्रयत्न करता येतो. दरम्यान सूज थोडी उतरते आणि जे अडलं होतं ते सुटतं. आम्ही ४५ मिनिटं थांबलो. नाडी १३६. पोट मऊ.

तिसऱ्या वेळी झडपेपाशी पाणी दीड मिनिट थांबून राहिलं आणि मग एकाएकी पलीकडे घुसलं. टर्मिनल इलियममध्ये पाणी भरलं, मग त्यामागच्या वळ्यांमध्ये, एकामागून एक, पोळ्याची भोकं भरावीत तशी. वर्तुळं गेली. झडपेचे दोन्ही ओठ मात्र सुजून जाड उभे होते, आणि इथे मी निवासी डॉक्टरला प्रोब दिला. “हे अजून उरलेलं आतडं आहे की नुसती झडप?” तिने फिरवून दोन्ही बाजूंनी पाहिलं, आत चरबी नाही, ग्रंथी नाही, पाणी मधून मागे-पुढे जातंय, म्हणून झडप म्हणाली. बरोबर होतं. सुजलेली झडप पाहून अजून आतडं अडकलंय असं समजून आणखी दाब देणं ही ओळखीची चूक आहे. पाणी इलियममध्ये गेलंय ही खात्री असेल तर थांबायचं.

पाणी बाहेर काढलं तेव्हा त्यात लाल जेलीचे गोळे होते. ज्या चिन्हाची पुस्तक वाट पाहायला लावतं ते पहाटे पावणेदोनला, उपचार झाल्यावर, पातेल्यात पडलं.

बाळ त्यानंतर दहा मिनिटांनी रडलं. आधी बारीक, मग चांगलं जोरात. आईने त्याला उचललं आणि आमच्याकडे पाहून म्हणाली, “हाच त्याचा आवाज.”

दुसरा दिवस

इंटससेप्शन सुटल्यावर पुन्हा होण्याचं प्रमाण साधारण दहा टक्के, त्यातलं बरंच पहिल्या दोन दिवसांत. पुन्हा झालं तरी आधी पुन्हा पाण्यानेच सोडवायचा प्रयत्न करतात. मात्र वारंवार होत असेल तर आतली गाठ नव्याने शोधायची. हे आई-वडिलांना सांगून ठेवलं होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ एकदा ओकलं तेव्हा ते घाबरले, आणि दिवसपाळीच्या सहकाऱ्याने प्रोब ठेवला तेव्हा बेंबीच्या डावीकडे टार्गेट दिसलं. मला फोन आला: “परत शिरलंय.”

मी खाली गेलो. व्यास १.३ सेमी, चरबी नाही, ग्रंथी नाही. आम्ही दोघे पडद्याकडे पाहत उभे राहिलो आणि ते सुटलं. मग सहकाऱ्याला म्हटलं, प्रोब उजव्या कोपऱ्यात ने. सोआस स्नायू, इलियाक वाहिन्या, त्यावर थोडी जाड झालेली झडप आणि हवेच्या पांढऱ्या रेघेखाली सीकम, जागच्या जागी. तिथून वर यकृताखाली मोठ्या आतड्याचं वळण, आडवं आतडं, आणि प्लीहेखाली एकच किडनी.

बाळ तिसऱ्या दिवशी घरी गेलं. अहवालाच्या आमच्या ठरावीक मजकुरात आता एक जादा ओळ आहे, ती भरल्याशिवाय लहान मुलाच्या पोटाचा अहवाल पुढे जात नाही: ‘सीकम दिसले / दिसले नाही, दिसले नसल्यास मोठे आतडे कुठपर्यंत पाहिले.’ निवासी डॉक्टरांना ती कटकट वाटते, आणि रात्री तीन वाजता मलाही वाटते.